करार विकत घेतला, पण त्या करारात मी नेमका कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिफ्टच्या देखभालीचं काम करणारी एक फर्म धंदा आवरता घेते आहे. एका मोठ्या इमारतीचा पाच वर्षांचा देखभाल करार तिच्या नावावर आहे. त्यातली तीन वर्षं शिल्लक आहेत आणि दोन तिमाहींची बिलं ग्राहकाकडून यायची आहेत. प्रश्नकर्ते हा करार विकत घेताहेत. मसुद्यात एकच महत्त्वाची ओळ आहे: 'सदर कराराखालील सर्व हक्क व जबाबदाऱ्या याद्वारे लिहून घेणार यांच्याकडे हस्तांतरित करण्यात येत आहेत.' थकलेली बिलं मला मिळतील का, पुढचं काम करणं मला बंधनकारक होईल का, आणि फर्मने आधी केलेल्या हलगर्जीचं खापर माझ्या डोक्यावर फुटेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

या कागदावर सह्या दोघांच्या आहेत, लिहून देणाराची आणि लिहून घेणाराची. पण तुमची भूमिका काय हे बऱ्याच अंशी ठरतं ते ज्याची सही इथे नाहीच त्या तिसऱ्या माणसामुळे, म्हणजे ग्राहकामुळे. असाइनी म्हणून, म्हणजे करारातला हक्क लिहून घेणारे म्हणून, येणारे बहुतेक लोक लिहून देणाराशी महिनोन्महिने घासाघीस करतात आणि ग्राहकाला फोनसुद्धा करत नाहीत. पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

आधी बिलांचं बघू, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. येणं दुसऱ्याच्या नावे करून देता येतं आणि त्याला देणेकऱ्याची, इथे ग्राहकाची, संमती लागत नाही. त्याला पैसे द्यायचेच आहेत, ते याला दिले काय आणि त्याला दिले काय, त्याच्यावरचा बोजा वाढत नाही. भारतात हा विषय करार कायद्यात फारसा सापडत नाही. तो आहे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १३० ते १३७ मध्ये. कलम १३० प्रमाणे हस्तांतर लेखी हवं आणि त्यावर देणाराची (म्हणजे येणं लिहून देणाराची, इथे जुन्या फर्मची) किंवा त्याच्या मुखत्याराची सही हवी. मोबदला असो वा नसो, सही झाली की येणं तुमचं झालं. तुम्ही स्वतःच्या नावाने दावा लावू शकता, त्यासाठी जुन्या फर्मची परवानगी नको आणि तिला पक्षकार करायचीही गरज नाही.

पण त्याच कलमात एक फट आहे आणि तिच्यातून पैसे निसटतात. ग्राहकाला हस्तांतराची स्पष्ट नोटीस मिळालेली नाही आणि तो त्या कागदात पक्षही नाही, अशा काळात त्याने जुन्या फर्मला पैसे चुकते केले तर ते वैध ठरतात. कायद्यातलं उदाहरणच तसं आहे: 'अ' हा 'ब'चं देणं लागतो, 'ब' ते 'क'ला हस्तांतरित करतो, आणि मग स्वतःच 'अ'कडे मागतो. 'अ'ला नोटीस मिळालेली नाही, तो 'ब'ला देऊन मोकळा होतो. आता 'क'ला 'अ'वर दावा करता येत नाही. इथे 'क' म्हणजे तुम्ही. हाती उरतो तो 'ब'च्या मागे लागण्याचा उद्योग, आणि तुमच्या बाबतीत 'ब' तर दुकान बंद करून चालला आहे. म्हणून नोटीस ज्या दिवशी सही त्याच दिवशी जायला हवी. कलम १३१ सांगतं की ती लेखी असावी, देणाराची सही असावी, त्याने नकार दिला तर घेणाराची चालेल, आणि घेणाराचं नाव-पत्ता तिच्यात असावा. नोटिशीवर देणाराची सही आधीच घेऊन ठेवलेली बरी. पैसे हातात पडल्यावर माणसं सही करायला सापडत नाहीत.

आता अवघड भाग. बिल तुमचं झालं म्हणजे बिलाची रक्कम तुमची झाली का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कलम १३२ प्रमाणे, हस्तांतराच्या तारखेला त्या येण्याबाबत देणारावर ज्या देण्यांचं आणि हरकतींचं ओझं होतं, त्यासकटच ते येणं तुमच्या हातात येतं. फर्मने त्या दोन तिमाहींत लिफ्ट वेळेवर तपासली नसेल, दोरखंड बदलायचा राहिला असेल, ग्राहकाने बाहेरचा माणूस बोलावून दुरुस्ती करून घेतली असेल, तर तो खर्च तो तुमच्या बिलातून वजा करणार. 'ती चूक माझी नव्हती' हे उत्तर चालत नाही. चूक तुमची नसली तरी हक्क मुळात फर्मचाच आहे, फक्त आता तो तुमच्या हातात आहे.

इथे एक भेद मात्र नीट समजून घ्या, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. ग्राहकाची ही हरकत ढाल आहे, तलवार नाही. बिल शंभराचं आणि नुकसान साठाचं असेल तर तुम्हाला चाळीस मिळतील. बिल शंभराचं आणि नुकसान दीडशेचं असेल तर तुम्हाला शून्य मिळेल, पण वरचे पन्नास तो तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. ते त्याने जुन्या फर्मकडे मागायचे. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, न्यूफाउंडलंडच्या रेल्वेचं प्रकरण गेलं होतं, ते अजूनही यासाठी वाचलं जातं. कंपनीने लोहमार्ग बांधायचा, सरकारने टप्प्याटप्प्याने अनुदान द्यायचं, असा करार होता. कंपनीने काम अर्धवट सोडलं आणि अनुदानाचा हक्क आधीच दुसऱ्यांकडे गेलेला होता. पूर्ण झालेल्या भागाचं अनुदान त्यांना मिळेल, पण अर्धवट कामामुळे झालेलं नुकसान सरकार त्यातून वळतं करून घेऊ शकेल, असं ठरलं. दोन्ही गोष्टी एकाच करारातून निघालेल्या, म्हणून एकीचं ओझं दुसरीवर.

उलट्या बाजूचं उदाहरण इंग्लंडमधलं, १९९४ चं. जहाज भाड्याने घेणाऱ्याने भाडं आगाऊ भरलं. जहाजमालकाने भाडं घेण्याचा हक्क आधीच एका वित्त कंपनीला दिलेला होता, त्यामुळे पैसे तिच्याकडे गेले. जहाज त्या काळात चाललंच नाही आणि जहाजमालकाकडून काही निघण्याची आशा राहिली नाही. भाडेकरूने वित्त कंपनीकडे परतावा मागितला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नाही म्हटलं: भाडं परत करण्याची जबाबदारी करार करणाऱ्या जहाजमालकाची, केवळ हक्क घेणाऱ्याची नाही. फक्त हक्क घेतलेल्या असाइनीची जागा किती सुरक्षित असते हे यावरून कळतं. तुमच्या मसुद्यातला 'व जबाबदाऱ्या' हा तुकडा ही सुरक्षितता घालवू शकतो. तो कसा, ते पुढे.

जबाबदारीचं गणित मुळातच वेगळं आहे. माझं देणं मी दुसऱ्याच्या गळ्यात परस्पर अडकवू शकत नाही. घेणारा कोण, त्याची ऐपत काय, हे ठरवण्याचा हक्क ज्याला ते मिळायचं आहे त्याचा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९०२ मध्ये टोलहर्स्ट प्रकरणात हे स्पष्ट केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये खर्डा कंपनी विरुद्ध रेमन अँड कंपनी या तागाच्या व्यवहारातल्या खटल्यात तोच नियम मांडला: हक्क सामान्यतः हस्तांतरित करता येतात, जबाबदाऱ्या मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय नाही, आणि ती संमती मिळाली की खरं पाहता जुन्याच्या जागी नवा करार उभा राहतो. २०१९ मध्ये जमिनीच्या साठेखतातला हक्क पुढे दिल्याच्या एका वादातही सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरला. विकत घेणाऱ्यांवर उरलेली रक्कम भरण्यासारख्या जबाबदाऱ्या बाकी असताना, विकणाऱ्यांच्या संमतीवाचून त्यांनी आपली जागा तिसऱ्याला देणं विकणाऱ्यांवर बंधनकारक धरलं नाही.

म्हणजे तुमच्या मसुद्यातली ओळ ग्राहकाच्या दृष्टीने अर्धीच चालते. फर्म जबाबदारीतून सुटलेली नाही. उद्या लिफ्ट अडकली तर ग्राहक फर्मलाच धरणार.

मग तुम्ही जाऊन काम करायचंच नाही का? करू शकता, पण वेगळ्या नात्याने. करार कायदा १८७२ चं कलम ४० म्हणतं की काम त्याच माणसाने स्वतः करावं असा हेतू नसेल तर तो ते सक्षम माणसाकडून करवून घेऊ शकतो. त्या अर्थाने तुम्ही फर्मचे उपकंत्राटदार. स्वतःच करावं असा हेतू आहे का, हे कसं ओळखायचं? इंग्लंडमधल्या दोन जुन्या खटल्यांची जोडी मला यासाठी फार उपयोगी वाटते. १८३१ च्या खटल्यात एका कारागिराने पाच वर्षांसाठी घोडागाडी भाड्याने दिली होती, रंगवायची आणि दुरुस्त ठेवायची अटही होती. तो निवृत्त झाला, भागीदार म्हणाला मी चालवतो. ग्राहकाने ऐकलं नाही आणि न्यायालयाने त्याचं बरोबर धरलं, कारण त्याने त्या कारागिराच्या हातावर आणि नजरेवर विश्वास टाकला होता. १८८० च्या खटल्यात रेल्वेचे वाघिणी डबे भाड्याने दिलेले होते, दुरुस्तीची अट तशीच. डबे देणारी कंपनी गुंडाळायला काढली गेली, करार दुसऱ्या कंपनीकडे गेला. इथे न्यायालय म्हणालं, मालडब्याची दुरुस्ती कोणताही बरा कारागीर करू शकतो, भाडं थांबवायचं कारण नाही. काम जवळपास तेच, अट तीच, निकाल उलटे.

लिफ्टची देखभाल यातल्या कुठल्या बाजूला? माझ्या मते सहसा वाघिणींच्या बाजूला. पण करारात 'उत्पादकाचे अधिकृत सेवा प्रतिनिधी' असं फर्मचं वर्णन असेल, किंवा निविदेत अनुभवाची आणि परवान्याची अट घालून त्यांना निवडलेलं असेल, तर ग्राहक सहज म्हणू शकेल की मी यांनाच निवडलं होतं. मूळ निविदेचे कागद मागून घ्या. करारापेक्षा त्यांतून जास्त कळतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. काम करणं बंधनकारक होईल का? फर्मच्या बाबतीत, हो. 'जबाबदाऱ्या घेत आहे' असं लिहून तुम्ही फर्मला वचन दिलंत. काम केलं नाहीत, ग्राहकाने फर्मला धरलं, तर फर्म तुम्हाला धरेल. आणि 'सर्व' जबाबदाऱ्या म्हटलं असल्यामुळे, मागच्या हलगर्जीची भरपाई फर्मला करावी लागली तर तीही तुमच्याकडे मागण्याची वाट तुम्हीच उघडून दिलीत. मघाशी म्हटलं ती ढाल इथे कामाला येत नाही. ग्राहक तुम्हाला थेट धरू शकेल का? आपल्याकडे सर्वसाधारणपणे नाही, कारण तुमच्या आणि फर्मच्या कागदात तो पक्षच नाही. मात्र हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत वस्तूंच्या विक्रीबाबत एकसमान व्यापार संहितेच्या कलम २-२१० मध्ये नियम आहे की 'करार असाइन केला' असे मोघम शब्द असतील आणि संदर्भ वेगळं काही दाखवत नसेल, तर ते स्वीकारणारा कर्तव्यं पार पाडण्याचंही वचन देतो, आणि ते वचन मूळ पक्ष तसाच समोरचा पक्षही अमलात आणू शकतो. तारण म्हणून केलेलं असाइनमेंट त्यातून वगळलेलं आहे. कर्ज देणाऱ्या बँकेने लिफ्ट दुरुस्त करायला जावं अशी कुणाची अपेक्षा नसते. समोरचा पक्ष परदेशी असेल तर कराराला कुठला कायदा लागू आहे ते आधी बघा.

'ग्राहक थेट धरू शकत नाही' यावर फार विसंबूही नका. पुढच्या तीन वर्षांचं बिल काम झालं तरच निघणार आहे. कुणी काम केलं नाही तर बिल नाही, वर ग्राहक करार रद्द करणार. जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आली नाही, तरी पैशाला चिकटून ती दारात येतेच.

काही गोष्टी तर मुळात हस्तांतरित होतच नाहीत, त्यांचे पैसे मोजू नका. ग्राहकाने पूर्वी करार मोडला म्हणून फर्मला नुकसानभरपाई मागायची आहे, तो निव्वळ दावा करण्याचा हक्क. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ च्या खंड (ई) प्रमाणे तो विकता येत नाही. फर्मचे तंत्रज्ञही कराराबरोबर आपोआप येत नाहीत. नोकरीचा करार माणसाला न विचारता दुसऱ्या मालकाकडे वळवता येत नाही, हे इंग्लंडमध्ये १९४० साली एका खाण कामगाराच्या खटल्यात ठामपणे सांगितलं गेलं. आणि जाता जाता: येणी विकत घ्यायला न्यायाधीश, वकील आणि न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना त्याच कायद्याच्या कलम १३६ ने बंदी आहे. तेव्हा तुमचा वकील 'हे येणं मीच घेतो' म्हणाला तर वकील बदला.

मूळ करारात 'लेखी पूर्वसंमतीशिवाय हस्तांतर करता येणार नाही' असं कलम आहे का? हे सगळ्यात आधी बघायचं. इंग्लंडमध्ये १९९३ च्या लिंडन गार्डन्स निकालाप्रमाणे अशी बंदी मोडून केलेलं असाइनमेंट समोरच्या पक्षाविरुद्ध निष्फळ ठरतं. नंतर २०१८ च्या नियमांनी लहान-मध्यम पुरवठादारांच्या येण्यांपुरती तिथे ढील दिली. अमेरिकेत येण्यांच्या बाबतीत संहितेनेच अशा बंदीचा जोर बराचसा काढून घेतला आहे. भारतात मी तरी ही बंदी खरी मानूनच पावलं टाकायला सांगतो.

फर्मची बँक विसरू नका. खेळत्या भांडवलासाठी कर्ज असेल तर येणी बहुधा बँकेकडे आधीच हायपोथिकेट केलेली, म्हणजे तारण लिहून दिलेली, असतात. बँकेचं ना-हरकत पत्र नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या तारणाचे पैसे मोजताय. आणि ग्राहकच बुडाला तर? ती जोखीम तुमची. देणाराने ग्राहकाच्या ऐपतीची हमी दिली तरी कलम १३३ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर, ती हस्तांतराच्या दिवशीच्या ऐपतीपुरतीच असते, आणि तुम्ही मोजलेल्या मोबदल्याच्या पलीकडे जात नाही.

तुम्हाला खरोखर जुन्या फर्मच्या जागी उभं राहायचं असेल तर रस्ता एकच, नोव्हेशन, करार कायद्याचं कलम ६२. तिघांच्या सह्या, जुना करार संपला, नवा सुरू. या कागदात तारखेची रेघ जाड ओढा: अमुक तारखेआधीची कामं, तक्रारी, अपघात फर्मचे, त्यानंतरचे तुमचे. ही रेघ नसली की ग्राहकाचा वकील म्हणतो, सगळं तुम्हीच स्वीकारलंत. फर्मकडून जुन्या गोष्टींबद्दल क्षतिपूर्तीचं, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या वचनाचं, कलम घ्या, पण बंद होणाऱ्या फर्मची क्षतिपूर्ती म्हणजे नुसता कागद. मालकांची वैयक्तिक हमी घ्या किंवा किमतीतला काही भाग अडकवून ठेवा.

ग्राहक काहीच बोलत नाही, सही करत नाही आणि नाहीही म्हणत नाही, ही परिस्थिती सगळ्यात जास्त वेळा येते. नुसतं गप्प राहणं म्हणजे संमती धरू नका. पण तुमचे तंत्रज्ञ महिनोन्महिने येताहेत, तुमच्या लेटरहेडवरची बिलं तो तुमच्या खात्यात भरतोय, तक्रारी तुम्हाला पाठवतोय, असं असेल तर वागणुकीतून संमती दाखवता येते. जे काम त्याने तुमच्याकडून करून घेतलं ते पुन्हा फर्मकडे मागता येत नाही, असं कलम ४१ सांगतं. लक्षात घ्या, हे झालेल्या कामापुरतं आहे. पुढच्या तीन वर्षांची फर्मची जबाबदारी त्याने संपत नाही. अशा वेळी प्रत्येक भेटीच्या नोंदवहीवर ग्राहकाच्या माणसाची सही घ्या आणि पत्रव्यवहार ईमेलवर ठेवा.

तुमच्या बाबतीत मी सुरुवात एका पत्राने करेन. फर्म आणि तुम्ही मिळून ग्राहकाला विचारायचं: मूळ करार चालू आहे ना, आजवर किती बिल देय आहे, त्यातून तुम्ही काही वजा करणार आहात का, कामाबद्दल काही तक्रार प्रलंबित आहे का, आगाऊ काही दिलेलं आहे का, आणि अमुक तारखेपासून आम्ही काम बघितलं तर तुमची संमती आहे का. उत्तर लेखी आलं की थकबाकीचं असाइनमेंट आणि पुढच्या कामाचं नोव्हेशन असे दोन स्वतंत्र कागद करा, म्हणजे एकावर वाद झाला तरी दुसरा अडकणार नाही. 'सर्व हक्क व जबाबदाऱ्या' ही ओळ काढून टाका. मुद्रांक शुल्क दोन्ही कागदांवर तपासून घ्या. उत्तर येईपर्यंत फर्मला इसाऱ्यापलीकडे काही देऊ नका, आणि उत्तरात ग्राहकाने वजावटीचा आकडा लिहिला तर तो तुमच्या खरेदीच्या किमतीतून कमी करून मगच सहीला बसा.